भाकरीची प्रार्थना

प्रार्थना कशी करावी तें शिकवावें, अशी विनंति एका शिष्यानें येशू ख्रिस्ताला केली, तेव्हां त्याला जें उत्तर मिळालें तें आश्चर्य वाटावें इतकें लहान होतें. सावकाश म्हटली तरी मिनिटाच्या आंत संपणारी ती प्रार्थना लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांत थोड्याफार फरकानें आली आहे. जगांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्यें मतभेद पुष्कळ आहेत. उपासनेच्या रीति निराळ्या, सण पाळण्याचे दिवस निराळे, अधिकाराविषयींच्या कल्पना निराळ्या. परंतु ही प्रार्थना बहुतेक सर्वांच्या मुखीं आहे. लहान मूल ती आईच्या मांडीवर शिकतें, आणि मरणोन्मुख मनुष्य बाकीचें सारें विसरला तरी पुष्कळदां एवढे शब्द त्याच्या ओठांवर राहतात.

नित्य परिचयामुळें मात्र तिच्यांतील एक विलक्षण गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. मत्तयाच्या पाठांतील पहिल्या तीन मागण्या देवासंबंधीं आहेत: त्याच्या नामाचें पावित्र्य, त्याचें राज्य आणि त्याची इच्छा. वाणी अशी उंच चढत असतां चौथ्या मागणीला ती एकदम खालीं, मनुष्याच्या ताटापाशीं उतरते. पापांची क्षमा अजून मागावयाची आहे, मोहापासून रक्षण मागावयाचें आहे. त्यापूर्वीं भाकर मागितली आहे. परमार्थाची इच्छा धरणाऱ्यानें देवापुढें पोटाचें गाऱ्हाणें मांडावें, आणि तेंही इतक्या अगोदर, हें कित्येक प्राचीन भाष्यकारांना अवघड वाटलें. अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन यानें तिसऱ्या शतकांत प्रार्थनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ही भाकर म्हणजे आत्म्याचें अन्न होय, असा अर्थ त्यानें आग्रहानें मांडला.

ओरिजेनपुढें आणखी एक अडचण होती. मूळ ग्रीक पाठांत भाकरीला जोडलेलें विशेषण त्याला ग्रीक लोकांच्या बोलण्यांत किंवा ग्रंथांत कोठेंच आढळलें नव्हतें. शुभवर्तमानकारांनींच तें बनविलें असावें, असें त्याचें मत पडलें. नव्या करारांत हा शब्द या प्रार्थनेच्या दोन पाठांखेरीज अन्यत्र येत नाहीं. त्याचा अर्थ कोणी आजच्या दिवसापुरती असा करतात, कोणी उद्यांची असा, तर कोणी जगण्यास अवश्य तेवढी असा. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सुधारून सिद्ध केला. ग्रीक शब्द एकच असतां लूकांत त्यानें ‘रोजची’ या अर्थाचा शब्द ठेवला, आणि मत्तयांत मात्र ‘सर्व द्रव्यांपलीकडची’ अशा अर्थाचा निराळा शब्द योजला. पंडितांचा हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. तथापि यांपैकीं कोणताही अर्थ घेतला तरी वर्षाचें कोठार भरून मिळावें अशी मागणी त्यांत बसत नाहीं. मागणारा मोजकें मागतो. आणि जें मागतो तें त्याला पुन्हा मागावें लागणार, हें त्या शब्दांतच गृहीत आहे.

मराठी बायबलांत या ठिकाणीं ‘भाकर’ हा शब्द रूढ झाला, तो फार समर्पक आहे. गोमंतकांत आणि मुंबईंत ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आलेला होता. पण पाव ही विकत आणावयाची वस्तु, आणि भाकर ही घरच्या जात्यावरच्या पिठाची, घरच्या चुलीवरची. ख्रिस्ताच्या काळच्या पॅलेस्टाइनांतील खेडुताचें अन्न या दुसऱ्या जातीचें होतें. गहूं सुखवस्तु घरीं. गरिबाच्या घरीं जव. योहानाच्या शुभवर्तमानांत एका मुलाजवळच्या ज्या पांच भाकरी ख्रिस्तानें जनसमुदायाला वाटल्या, त्या जवाच्या होत्या, असें मुद्दाम सांगितलें आहे. धान्य घरच्या बाया दळीत. यिर्मया संदेष्ट्याला देश ओसाड होण्याचें चित्र रेखाटावयाचें होतें, तेव्हां वधूवरांचा शब्द आणि दिव्याचा उजेड यांबरोबर जात्याचा आवाजही नाहींसा होईल, असें त्यानें सांगितलें. पहाटेची घरघर कानांवर पडत जे वाढले, त्या महाराष्ट्रीयांना या वर्णनाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं.

याच जात्याविषयीं मोशेच्या नियमशास्त्रांत एक कायदा आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत, कर्जाला तारण म्हणून कोणाचें जातें किंवा जात्याची वरची तळीसुद्धां गहाण घेऊं नये, असें बजाविलें आहे; कारण तसें करणें म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखें आहे. त्याच अध्यायांत पुढें दुसरा नियम येतो: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, कारण तो गरीब असून त्याचा सारा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो, आणि त्यानें देवाकडे गाऱ्हाणें केलें तर मजुरी अडविणाऱ्याच्या माथीं पाप बसतें. येथें भाकरीच्या प्रार्थनेचा एक मोठा आधार सांपडतो. ज्याला मजुरी रोज मिळते, त्याची भाकर रोजची असते. संध्याकाळीं मालकानें उद्यां ये म्हणून सांगितलें, तर त्या रात्रीं एका घरची चूल पेटत नाहीं. देवाजवळ रोजची भाकर मागणारा मनुष्य जर स्वतः कोणाची मजुरी अडवून बसला असेल, तर त्याची प्रार्थना आणि त्याच्या मजुराचें गाऱ्हाणें अशा दोन अर्ज्या एकाच न्यायासनापुढें एकाच वेळीं जातात. त्यांपैकीं कोणता अगोदर ऐकला जाईल, हें शास्त्रानें उघड सांगितलें आहे.

मोजक्या मागणीचा धडा इस्राएल लोकांना त्यापूर्वींच रानांत मिळाला होता. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत त्याची हकीकत आहे. मिसर देशांतील दास्यांतून सुटलेले हे लोक भुकेनें व्याकुळ झाले, आणि ज्या दास्याबद्दल ते रडत होते त्याच दास्यांतील मांसाच्या हंड्यांची त्यांना आठवण येऊं लागली. मग पहाटेच्या दंवाबरोबर जमिनीवर मान्ना पडूं लागला. प्रत्येक माणसामागें एक ओमर, म्हणजे अदमासें दोन लिटर, एवढा तो गोळा करावयाचा, असा नियम होता. ज्यांनीं फार गोळा केला त्यांचें मापून पाहतां अधिक भरलें नाहीं, आणि ज्यांनीं थोडा गोळा केला त्यांना उणें पडलें नाहीं. कित्येकांनीं न ऐकतां सकाळपर्यंत राखून ठेवला. त्यांत किडे पडले आणि दुर्गंधि सुटली. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट गोळा करण्याची मोकळीक होती, आणि तो मात्र नासत नसे.

या कथेवरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, बेगमी करणें हेंच पाप आहे. तर तो चुकीचा होईल. योसेफानें मिसर देशांत सात सुकाळांच्या वर्षीं धान्य सांठविलें, म्हणून सात दुष्काळांत लोक वांचले. आणि बायबल त्याबद्दल त्याची प्रशंसाच करतें. दोन्ही सांठ्यांत भेद आहे तो हेतूचा. योसेफाचें कोठार भुकेल्यांसाठीं उघडण्याकरितां भरलेलें होतें. उलट, लूकाच्या बाराव्या अध्यायांतील धनवान शेतकरी जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधण्याचा बेत करतो, तेव्हां त्याच्या साऱ्या विचारांत दुसऱ्या माणसाचें नांवही येत नाहीं. तो आपल्या जिवाशींच बोलतो, आणि त्याच रात्रीं तो जीव परत मागितला जातो.

प्रार्थनेंत दुसऱ्या माणसाला केवढें स्थान आहे, हें ख्रिस्तानें एका दृष्टांतानें दाखविलें आहे. आणि लूकानें तो दृष्टांत या प्रार्थनेच्या लगेच पुढें ठेवला आहे, हें विशेष. मध्यरात्रीं एका घरीं प्रवासी पाहुणा आला. घरांत भाकर नव्हती. घरधनी मित्राच्या दारीं जाऊन तीन भाकरी उसन्या मागूं लागला. आंतला मित्र म्हणाला कीं दार लावलेलें आहे, मुलें जवळ निजलीं आहेत, आतां उठवत नाहीं. एका खोलीच्या घरांत, जेथें सारें कुटुंब एकाच ठिकाणीं आंथरूण घालून निजतें, तेथें एकानें उठून अडसर काढणें म्हणजे सर्वांचीच झोंप मोडणें होय. त्याची सबब खोटी नव्हती. तरीही बाहेरचा हटला नाहीं, आणि मैत्रीसाठीं नव्हे तरी त्याच्या या निर्भीड आग्रहासाठीं आंतल्यानें उठून त्याला हवें तेवढें दिलें.

या दृष्टांतावर प्रवचन करतांना चिकाटीचा उपदेश बहुधा केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सुटून जाते. अपरात्रीं दार ठोठावणारा मनुष्य स्वतः भुकेला नव्हता. तो दुसऱ्याच्या भुकेकरितां उभा होता, आणि म्हणूनच त्याला संकोच वाटला नाहीं. स्वतःसाठीं मागतांना माणसाचा आवाज खालीं येतो. घरीं आलेल्या उपाशी पाहुण्यासाठीं मागतांना तो निःसंकोच होतो. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत ‘माझी भाकर’ असा शब्द नाहीं. मागणी अनेकवचनीं आहे. एकांतांत, दार लावून ती म्हटली तरी म्हणणारा एकटा राहत नाहीं. ज्यांच्या घरीं त्या रात्रीं कांहीं शिजलें नाहीं, ते सारे त्याच्या वाक्याच्या कर्त्यांत सामील होतात.

आतां या विषयांतील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळलें पाहिजे. ज्यांनीं मागितलें आणि ज्यांना मिळालें नाहीं, त्यांचें काय? १८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळांत दक्षिण हिंदुस्थानांत आणि मुंबई इलाख्यांत लाखों माणसें अन्नावांचून आणि त्यामागून आलेल्या रोगांनीं मेलीं. त्यांनीं आपापल्या देवाला हाक मारली नसेल, असें कोण म्हणेल? भरल्या पोटीं प्रार्थनेचें माहात्म्य सांगणें सोपें आहे. या प्रश्नाला तोंड द्यावयाचें तर ज्या व्यक्तीनें भूक स्वतः भोगली तिच्या आयुष्याकडे पाहणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल, आणि महाराष्ट्राला असें एक आयुष्य चांगलें ठाऊक आहे.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थांतीर्थीं फिरत असे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत त्यांची पुंजी संपली. जपतप, अनुष्ठानें, दानधर्म, कशांतही त्यांनीं उणें ठेवलें नव्हतें. तरीही आधीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि पुढें वडील बहीणही गेली. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ श्रीनिवास यांनीं त्यानंतर हजारों मैल पायीं तुडविले. पुढें कलकत्त्याला त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, विवाह झाला, लवकरच वैधव्य आलें, आणि १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदासदन काढलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें मुलींनीं त्यांच्या प्रार्थनेला बसावें कीं नाहीं यावरून १८९३ सालीं मोठा वाद झाला, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे सहायक सदनापासून दूर झाले. त्या वादांतील दोन्ही पक्षांची बाजू इतिहासाला ठाऊक आहे.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाईंनीं त्याची वार्ता ऐकली, आणि बावीस वर्षांपूर्वींची आपली भूक त्यांना आठवली. त्यांनीं स्वतः तेथें जाऊन निराधार मुली आणि बाया आणण्यास आरंभ केला. सुमारें तीनशें जणींना त्यांनीं आश्रय दिला. पुण्यांत प्लेगमुळें नवीन माणसें सदनांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली, तेव्हां पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगांव येथें त्यांची जी शेतजमीन होती, तेथें या मुलींची सोय करण्यांत आली. हेंच मुक्तिसदन. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजरात-काठेवाडाकडूनही मुली आल्या, आणि १९०० पर्यंत तेथील वस्ती दीड हजारांच्या घरांत गेली.

दीड हजार माणसांची रोजची भाकर म्हणजे काय, याचा गृहिणींनींच अंदाज करावा. रमाबाईंनीं ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचें चरित्र वाचलें होतें. १८३६ सालीं अनाथगृह काढून, कोणाही माणसाजवळ याचना न करतां केवळ देवाजवळ मागावयाचें, असा त्या गृहस्थांचा नेम होता, आणि आलेल्या पैपैचा हिशेब ते दरवर्षीं छापून प्रसिद्ध करीत. केडगांवींही प्रार्थना होती, आणि तिच्या जोडीला विहिरी खणल्या जात होत्या. शेत होतें, गुरें होतीं, हातमाग होते, छापखाना होता. आंधळ्या बायांना वाचन आणि हातकाम शिकविलें जात होतें. आपल्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तें खेड्यांतील अल्पशिक्षित बाईलाही कळावें अशा सोप्या भाषेंत. आणि त्याचे खिळे जुळविण्याचें काम मुक्तिसदनांतील बायांनींच केलें. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई निवर्तल्या. तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. जिचे आईबाप भुकेनें गेले, तिनें भाकरीची ती ओळ आपल्या हातानें मराठींत उतरविली आणि भुकेंतून वांचलेल्या हातांनीं ती छापली गेली.

यांत वरील कठीण प्रश्नाचें तर्कशुद्ध उत्तर आहे, असें म्हणतां येणार नाहीं. अनंतशास्त्र्यांना भाकर कां मिळाली नाहीं, हें रमाबाईंचें पुढील कार्य सांगूं शकत नाहीं. बायबलही येथें हिशेब मांडून देत नाहीं. ईयोबाच्या पुस्तकांत आणि कित्येक स्तोत्रांत हा प्रश्न ओरडून विचारलेला आहे, आणि तो विचारणाऱ्याला देवानें गप्प बसविलेलें नाहीं. परंतु शास्त्र दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगतें. उघड्या-नागड्या आणि उपाशी भावाबहिणीला ऊब घ्या, तृप्त व्हा, असा नुसता आशीर्वाद देऊन, अंगावर घालावयास आणि खावयास कांहीं न देतां वाटेस लावणाऱ्याला याकोब आपल्या पत्रांत विचारतो कीं, त्याचा उपयोग काय? करिंथ येथील मंडळींत प्रभुभोजनासाठीं जमलेल्यांपैकीं कोणी आधींच खाऊनपिऊन मस्त होत आणि कोणी उपाशी राहत. पौलानें त्यांना लिहिलें कीं याला प्रभूचें भोजन म्हणतांच येत नाहीं. म्हणजे अनुत्तरित राहिलेल्या प्रार्थनेचा जाब मनुष्य देवाला विचारतो, तेव्हां त्याच वेळीं तो जाब त्याच्याकडेही वळलेला असतो. कोणाची तरी भाकर एखाद्याच्या घरीं येऊन थांबली आहे काय?

रमाबाईंसारखें कार्य सर्वांच्या वांट्याला येत नाहीं, हें खरें. पण या प्रार्थनेला मोठी संस्था लागत नाहीं, स्वयंपाकघर पुरतें. सतराव्या शतकांत पॅरिसमधील कार्मेल संघाच्या एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचा एक साधा बंधु आचाऱ्याचें काम करीत असे. पूर्वायुष्यांत तो शिपाई होता, आणि स्वयंपाकाची त्याला मुळांत नावड होती. तरी भांडीं घांसतांना आणि रांधतांना देवाचें सान्निध्य राखण्याची त्यानें अशी संवय लाविली कीं, प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला भेद उरला नाहीं. १६९१ सालीं तो मरण पावल्यावर त्याचीं पत्रें आणि संभाषणें प्रसिद्ध झालीं, आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोघांनींही तीं आपलीं मानलीं. त्यानें भाकर मागितली, आणि दुसऱ्यांसाठीं रोज शिजविलीही.

नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायांत आगूर नांवाच्या मनुष्याची एक प्रार्थना आहे. दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको, वांट्याचें अन्न तेवढें मिळावें, असें तो मागतो. कारण पोट फार भरलें तर देव कोण असें विचारण्याची बुद्धि होईल, आणि रिकामें राहिलें तर चोरी घडेल. श्रीमंती आणि दारिद्र्य या दोहोंतील धोका ज्यानें इतक्या निर्मळपणें ओळखला, त्याच्या मागण्यांत आणि प्रभूच्या प्रार्थनेंत फार अंतर नाहीं.

ज्या घरांत जेवणापूर्वीं देवाचे आभार मानण्याची चाल आहे, तेथें ते शब्द संवयीनें पटकन् उरकले जातात, अन्न निवूं नये म्हणून. त्या अर्ध्या मिनिटांत तीन गोष्टींची आठवण ठेवतां येण्यासारखी आहे. ताटांतील भाकर आजची आहे. ती ज्यानें पिकविली, दळली आणि थापली त्याचा मोबदला त्याला पोंचला आहे कीं नाहीं. आणि मागतांना ‘आमची’ असें जें म्हटलें त्यांत ताटापाशीं न बसलेला कोण कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एखाद्या नांवानें सुचलें, तर आमेन म्हणण्यापूर्वीं ताटांतील कांहीं भाग बाजूला काढून ठेवावा, आणि जेवण होतांच तो त्या दारीं पोंचवावा.